झेललेल्या विटा, निसटलेले चेंडू

अमेरिकन फुटबॉलची थोडीफार आवड असणाऱ्या कोणालाही जेरी राइसविषयी विचारावे, तो प्रथम विटांची गोष्ट सांगतो. मिसिसिपी राज्यातील क्रॉफर्ड नावाच्या लहानशा गावाजवळ राइसचे वडील गवंडीकाम करीत. उन्हाळ्यात मुले त्यांच्या हाताखाली असत. भाऊ खालून विटा भिरकावीत आणि जेरी परांचीवर उभा राहून त्या झेलत असे. कधी एकेक, कधी एकावर एक धरलेल्या तीन-चार एकदम. पुढे हाच मुलगा व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ वाइड रिसीव्हर ठरला. कारकिर्दीत १५४९ झेल, २२,८९५ यार्ड, आणि २०१० साली हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. विटा झेलणारे हात चेंडू झेलणारे हात झाले. गोष्ट संपली.

गोष्ट खोटी नाही. खुद्द राइसने ती वेळोवेळी सांगितलेली आहे. माझा आक्षेप तिच्या खरेपणाला नसून तिच्याकडून जे काम करून घेतले जाते त्याला आहे. चरित्र वाचताना आपण शेवटाकडून आरंभाकडे जातो आणि वाटेत सापडलेल्या एखाद्या वस्तूला कारणाचा दर्जा देऊन टाकतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही खोड चांगली परिचयाची आहे. लेखकाच्या पहिल्या दुबळ्या संग्रहातही आपण उत्तरकालीन थोरवीची बीजे शोधतो, आणि शोधली की ती सापडतातच. राइसच्या आरंभकाळाचा हा लेख त्या खोडीविरुद्ध लिहावा असे मनात आहे. त्यामागे एक घरगुती कारणही आहे, ते ओघात येईलच.

प्रथम खेळाविषयी थोडे. अमेरिकन फुटबॉलचे मैदान शंभर यार्डांचे. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. गेला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक हा खेळाडू चेंडू फेकतो, आणि ओळीच्या अगदी कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर ठरलेल्या वाटेने धावत जाऊन तो झेलतो. प्रेक्षकांना झेल दिसतो. खरे कौशल्य त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत असते. कितव्या पावलावर वळायचे, वळण्याआधी पाळतीवरच्या बचावपटूला दुसऱ्या दिशेचा भास कसा करून द्यायचा, कोणत्या क्षणी मान फिरवायची, हे सारे आधी ठरलेले असते. चांगला क्वार्टरबॅक रिसीव्हर वळण्यापूर्वीच चेंडू सोडतो. म्हणजे चेंडू हवेत निघतो तेव्हा ज्या जागी तो पोहोचायचा आहे तेथे कोणीही नसते. झेल ही अशी दोघांनी मिळून केलेली गोष्ट आहे. हिशेबाच्या तक्त्यात मात्र ती एकेकाच्या नावापुढे वेगवेगळी मांडली जाते.

राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा. त्याच्या बारा दिवस आधी, १ ऑक्टोबर रोजी, जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने ऑक्सफर्ड येथील मिसिसिपी विद्यापीठात नाव नोंदवले. आदल्या रात्री तेथे दंगल होऊन दोन माणसे मेली होती आणि एका विद्यार्थ्याला वर्गात बसवण्यासाठी केंद्र सरकारला फौज पाठवावी लागली होती. राइसच्या कथेत हा प्रसंग सहसा येत नाही. विटांच्या गोष्टीला एक गाव, एक बाप आणि काही भाऊ एवढेच पुरते. राज्य, कायदा आणि विद्यापीठे लागत नाहीत. आठ भावंडांतला हा मुलगा ज्या काळात वाढला त्या काळात मिसिसिपीच्या मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे एकेक करून, तेही नाइलाजाने, किलकिले होत होते.

तो फुटबॉलकडे वळला त्याचीही एक कथा आहे, आणि ती मला विटांच्या कथेपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते, कारण तिच्यात कसलेही तात्पर्य नाही. शाळा चुकवून भटकत असताना शाळेतील एका अधिकाऱ्याने त्याला मागून गाठले. मुलगा दचकला आणि असा पळाला की त्या अधिकाऱ्याने त्याच्या वेगाची वार्ता फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या कानावर घातली. शिक्षा झाली, आणि शिक्षेसोबत संघात जागाही मिळाली. त्या दिवशी तो शहाण्या मुलासारखा वर्गात बसला असता तर? चरित्रकारांना हा प्रश्न आवडत नाही.

*

आता घरगुती कारण. माझे वडील गवंडी होते. कराडच्या आसपासच्या खेड्यांतून त्यांनी चाळीस वर्षे घरे बांधली. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत थोरला भाऊ आणि मी कामावर जात असू. माती-सिमेंटची घमेली उचलण्याइतके बळ माझ्यात नव्हते, म्हणून मला परांचीवर चढवत. दादा खालून विटा टाकी, मी झेलून अण्णांच्या डाव्या हाताशी रचून ठेवी. त्यामुळे विटा झेलण्याविषयी मला जे ठाऊक आहे ते पुस्तकी नाही, आणि त्या जोरावर विटांच्या गोष्टीतील एक दुरुस्ती मी सुचवू शकतो.

खालून वर टाकलेली वीट चढत जाते, मंदावते आणि एका बिंदूवर क्षणभर थांबल्यासारखी होते. त्यानंतर ती खाली येऊ लागते. टाकणारा जाणता असेल तर तो क्षण नेमका झेलणाऱ्याच्या ओंजळीत येतो. तेव्हा विटेला वजनच नसते. हात पुढे करायचे, बोटे मिटायची, बस्स. टाकणारा नवशिका असेल तर मात्र वीट एकतर अंगावर चालून येते, नाहीतर हाताखालीच दम सोडते. म्हणजे विटांच्या बाबतीत खरा कसब खालच्याचा. वरच्याच्या वाट्याला त्या कसबाचे फळ येते, आणि लोक मान वर करून पाहत असल्यामुळे त्यांना वरचाच दिसतो.

दुसरी गोष्ट भीतीची. चेंडू निसटला तर एक प्रयत्न वाया जातो. वीट निसटली तर ती खाली उभ्या असलेल्या भावावर पडते. फुटली तर तिचे पैसे बापाच्या मजुरीतून जातात. त्यामुळे वीट झेलणारा मुलगा कौशल्य शिकतो की नाही कोण जाणे, पण चुकण्याची भीती नक्की शिकतो, आणि ती खांद्यापासून बोटांपर्यंत मुरते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याचे तीन महिने मी भाचीकडे सांता क्लाराला होतो. राइसची दोन आत्मकथनपर पुस्तके मी तेथेच ग्रंथालयातून आणून वाचली, आणि तिच्या नवऱ्याने मला त्याचे जुने सामने दाखवले. एका रविवारी दादाशी फोनवर बोलताना मी ही विटांची गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि अण्णांच्या मागे तेच काम पुढे चालवले. माझी महाविद्यालयाची फी त्याच्या मजुरीतून गेलेली आहे. गोष्ट ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आणि टाकणाऱ्यांचं काय झालं रे?"

या प्रश्नाला विटांच्या गोष्टीत उत्तर नाही. त्याच विटा, तेच ऊन, तोच बाप. मग भाऊ का नाही झाले? वीट हे कारण असते तर आपल्या आणि त्यांच्या देशातली निम्मी बांधकामे खेळाडूंनी भरून वाहिली असती. आपल्याकडे फेकलेल्या विटेची सर्वांत मोठी कथा पुंडलिकाची. आईबापांची सेवा चालू असल्याने उठता येत नाही म्हणून त्याने दारातल्या देवासाठी वीट सरकावली. त्या कथेला एक मोठा शहाणपणा आहे: टाकणाऱ्याचे नाव तिने जपले आहे. राइसच्या गोष्टीत भावांना नावे नसतात.

*

विटांनी जे केले नाही ते कोणी केले? उत्तर गद्य आहे. संस्थांनी, काही माणसांनी, आणि योगायोगांनी.

शालेय फुटबॉलमध्ये चमकूनही एकाही मोठ्या विद्यापीठाने राइसला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. त्याला घ्यायला आले ते मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक आर्ची कूली. हे विद्यापीठ इट्टा बेना या डेल्टातल्या गावालगत आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीची ही संस्था १९५० साली व्यवसायशिक्षणाचे महाविद्यालय म्हणून उघडली. गोऱ्यांच्या विद्यापीठांकडे त्यांनी वळू नये हाही तिच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. इतिहासाची गंमत अशी की कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्यासाठी उभारलेल्या अशाच संस्थांनी अमेरिकन फुटबॉलला कितीतरी मोठे खेळाडू दिले. शेजारच्या जॅक्सन स्टेटमधून वॉल्टर पेटन १९७५ सालीच व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला होता.

कूली हा विलक्षण माणूस होता. तोवर महाविद्यालयीन फुटबॉल मुख्यतः चेंडू पोटाशी धरून पळण्याचा खेळ होता. त्याने तो जवळजवळ पूर्णतः फेकण्याचा करून टाकला. दोन चालींच्या मध्ये खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात, ती प्रथाही त्याने मोडली. क्वार्टरबॅक विली टॉटन ओळीवर उभ्या उभ्या समोरचा बचाव वाचून चाल पुकारी आणि चेंडू निघे. १९८४ च्या हंगामात या संघाने सामन्यामागे सरासरी जवळपास ६० गुण केले. टॉटनने ५६ टचडाउन फेकले, त्यांतले २७ राइसने झेलले, आणि त्याचे एकूण झेल शंभरावर गेले. सोबत्यांनी राइसचे नाव 'वर्ल्ड' ठेवले होते. जगात असा चेंडू नाही जो हा झेलू शकणार नाही, या अर्थाने. त्या विद्यापीठाच्या मैदानाला आज राइस आणि टॉटन या दोघांचेही नाव आहे. टाकणाऱ्याचे नाव जपण्याचा पुंडलिकी शहाणपणा निदान इट्टा बेनाला सुचला, याचे मला समाधान वाटते.

हे आकडे पाहून व्यावसायिक संघांनी त्याच्या दारात रांग लावली असेल असे वाटते, पण तसे नव्हते. लहान विद्यापीठ, दुबळे प्रतिस्पर्धी, आणि ४० यार्डांच्या चाचणीत बेताचाच वेग, असे त्याच्याविषयी बोलले जाई. समीक्षेत जसे कोणत्या मासिकात छापून आले यावरून कवितेचे वजन ठरते, तसेच हे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श ऑक्टोबर १९८४ मध्ये सामन्यासाठी ह्यूस्टनला होते. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीतील दूरचित्रवाणीवर त्यांना व्हॅलीच्या सामन्याची दृश्ये दिसली. त्यांना चाचणीतला वेग दिसला नाही. चेंडू हातात आल्यावर हा मुलगा कोणाच्याही हाती लागत नाही एवढे दिसले. ते त्यांना पुरेसे होते.

तो हंगाम संपला तेव्हा वॉल्श यांच्या संघाने १९ पैकी १८ सामने जिंकून विजेतेपद मिळवलेले होते. विजेत्याला नव्या खेळाडूंची निवड सर्वांत शेवटी करावी लागते, म्हणजे २८ व्या क्रमांकावर. तेथपर्यंत राइस उरणार नाही हे ओळखून वॉल्श यांनी न्यू इंग्लंडच्या संघाशी निवडीच्या हक्कांची अदलाबदल केली आणि १९८५ च्या निवडीत त्याला १६ व्या क्रमांकावर घेतले. त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन.

*

आणि येथे विटांची गोष्ट अडखळते. कारण १९८५ च्या शरदात जेरी राइसच्या हातून चेंडू निसटू लागले.

एक-दोन नव्हे, अनेक. सोपे, छातीवर आलेले, आजूबाजूला कोणी नसतानाचे. कॅन्डलस्टिक पार्कवरील (ते मैदान २०१५ मध्ये पाडले गेले) स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वृत्तपत्रांतून प्रश्न विचारले गेले. ज्या हातांनी म्हणे विटा झेलल्या होत्या, त्यांना कातड्याचा हलका चेंडू धरवेना. विटांची गोष्ट सांगणारे हे प्रकरण एका वाक्यात उरकतात: सुरुवातीला थोडा चाचपडला, मग सावरला. मला मात्र राइसच्या संपूर्ण कारकिर्दीत वाचनीय वाटतो तो हाच काळ.

काय झाले असावे? राइसने स्वतः दिलेले कारण साधे आहे: तो विचार करू लागला होता. वॉल्श यांची पद्धत कालगणनेवर उभी होती. क्वार्टरबॅक तीन, पाच किंवा सात पावले मागे जाणार आणि त्या पावलांशी रिसीव्हरच्या पावलांचा मेळ असणार. चाली शेकड्यांनी, प्रत्येकीला लांबलचक नाव, आणि बचावाची रचना बदलली की त्याच चालीतली वाट बदलणार. कूलीच्या संघात तो जी भाषा बोलत होता ती उभ्या उभ्या, एकमेकांकडे पाहून बोलायची होती. येथे एकदम व्याकरण आले. परभाषा शिकणाऱ्याचा अनुभव आठवून पाहावा. बोलता येत असते, पण क्रियापदाचे रूप बरोबर आहे का याकडे लक्ष गेले की तोंडातला शब्द गळून पडतो. राइसचे पाऊल चुकत नव्हते. पावलाकडे लक्ष गेल्यामुळे हात रिकामे पडत होते.

आमच्या वर्गांत मी हे दरवर्षी पाहतो. गावाकडून आलेली मुले पहिल्या वर्षी गप्प होतात. बोलण्यात ती मुळात पटाईत असतात. पारावर, बसस्टँडवर त्यांचे ऐकावे. पण निबंधाचा कागद पुढे आला की प्रमाणभाषेचे ओझे खांद्यावर येते आणि सांगायचे ते निसटते. परीक्षक त्याला 'अभिव्यक्ती कच्ची' असा शेरा देतो. ते कच्चेपण नसते. दोन भाषांच्या मधल्या पुलावरची ती धडपड असते, आणि तिला वेळ लागतो एवढेच. वॉल्श यांचे मोठेपण मला यात दिसते की त्यांनी तो वेळ दिला. हुर्यो चालू असताना ते राइसला खेळवत राहिले.

९ डिसेंबर १९८५ रोजी सोमवारी रात्री लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धच्या सामन्यात, साऱ्या देशासमोर, राइसने १० झेल घेतले आणि २४१ यार्ड मिळवले. त्यांतली एक दौड ६६ यार्डांची, थेट टचडाउनची. संघ तो सामना २७-२० असा हरला, हेही सांगायला हवे, कारण तक्त्यातील त्या २४१ च्या तेजात ते दिसेनासे होते. हंगामाअखेर त्याचे ४९ झेल, ९२७ यार्ड आणि तीन टचडाउन झाले. पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, ८६ झेल, १५७० यार्ड, १५ टचडाउन. आता व्याकरण अंगात मुरले होते.

तरी निसटणे संपले नव्हते. ४ जानेवारी १९८७ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या बाद फेरीत, गुणफलक कोरा असताना, राइसने जो मोन्टानाचा चेंडू झेलला आणि तो एकटाच मोकळ्या मैदानातून धावत सुटला. समोर कोणी नाही, मागचे पोहोचणे शक्य नाही. आणि कोणीही स्पर्श केलेला नसताना चेंडू त्याच्या हातातून सुटला. जायंट्सनी तो ताब्यात घेतला. सामना ४९-३ असा गेला. मी ते चित्रण कितीदा तरी पाहिले. चेंडू सुटण्याला बाहेरचे कोणतेही कारण दिसत नाही, आणि कथनाला जे सर्वांत अडचणीचे असते ते हेच, कारण नसलेली घटना.

१९८७ च्या हंगामात खेळाडूंचा संप झाला, त्यामुळे राइस १२ सामनेच खेळला. त्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. हा विक्रम २००७ पर्यंत टिकला, आणि तो मोडणाऱ्या रॅन्डी मॉसला २३ साठी १६ सामने लागले. पण त्याच हंगामाच्या बाद फेरीत मिनेसोटाविरुद्ध राइसला अवघे तीन झेल मिळाले आणि संघ बाहेर पडला.

*

सॅन कार्लोसजवळ एजवूड नावाचे उद्यान आहे. तेथल्या टेकडीवर सुमारे अडीच मैलांची चढण राइस हंगाम नसताना रोज धावत असे. तिची वाट त्याला रॉजर क्रेग या सहकाऱ्याने दाखवली होती. १९८५ मध्ये एकाच हंगामात धावून हजार आणि झेलून हजार यार्ड मिळवणारा पहिला खेळाडू तो हाच क्रेग. भाचीच्या नवऱ्यासोबत मी एकदा ती टेकडी चढलो, अर्थात चालत, आणि तीनदा बसून. उन्हाळ्यात तेथले गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओकच्या झाडांखालीच काय ती सावली. तेथे कोणी विटा टाकत नाही, कोणी पाहत नाही, मजुरी कापणारा कोणी नाही. तरी एक मनुष्य वर्षानुवर्षे रोज सकाळी येथे का धावला असेल?

त्याचे उत्तर राइसने ऑगस्ट २०१० मध्ये हॉल ऑफ फेमच्या भाषणात दिले. अपयशाच्या भीतीनेच आपल्याला आयुष्यभर पुढे ढकलले असे त्याने सांगितले, आणि खंत कसली असेल तर ती एकच, या साऱ्याचा आनंद घ्यायला आपण कधी थांबलोच नाही. सगळे विक्रम नावावर असलेला सत्तेचाळीस वर्षांचा माणूस हे बोलत होता.

माझ्या मते विटा शेवटी येथे सापडतात. हातात त्या कधीच नव्हत्या. विटांनी त्याला दिली ती निसटण्याची भीती, आणि ती भीती टेकडीवरही त्याच्यासोबत धावत होती. तिने विक्रम घडवले हे खरे. पण तिला आपण 'संस्कार' म्हणून गौरवतो तेव्हा तिची किंमत कोणी भरली हे झाकून टाकतो. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांनी मराठी वाचकाला जे शिकवले त्यात हेही आहे की दारिद्र्य ही कसली तालीम नव्हे. त्या आत्मकथनांतील बालपणे पुढच्या यशाची भांडवली गुंतवणूक म्हणून वाचता येत नाहीत. ती तशी वाचू पाहणाऱ्याला पुस्तकच अडवते. यशोगाथेचा वाचक मात्र नेमके तेच मागतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी मराठी विषयात विद्यापीठात पहिला आला. त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला. सत्काराच्या वेळी परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे होते, आणि भट्टीचा उल्लेख ठळकपणे यावा अशी आयोजकांची इच्छा होती. भट्टीत भाजून निघालेले सोने वगैरे शब्दयोजनाही मला सुचवून झाली होती. सकाळी तो मुलगा विभागात आला आणि म्हणाला, "सर, भट्टीचं नका सांगू." मी विचारले, "का रे, संकोच वाटतो?" तो म्हणाला, "संकोच नाही, सर. पण मग टाळ्या भट्टीला पडतात."

परिचयात मी त्याच्या प्रबंधिकेविषयी बोललो: विषय कोणता निवडला, कोणत्या हस्तलिखितांपाशी अडला, दुसरा मसुदा पहिल्याहून कसा वेगळा झाला. टाळ्या जरा कमी पडल्या. आई पहिल्या रांगेत होती. भट्टीचे नाव न घेताही ती तेथे होतीच.

राइसच्या आरंभकाळाचा शेवट कोठे मानावा? माझ्या मते २२ जानेवारी १९८९ रोजी, मायामीत, सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात. ११ झेल, २१५ यार्ड, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. तीन मिनिटे दहा सेकंद उरली असताना फोर्टीनाइनर्स तीन गुणांनी मागे होते आणि चेंडू त्यांच्याच ८ यार्डांच्या रेषेवर होता, म्हणजे ९२ यार्ड जायचे होते. त्या प्रवासात राइसने तीन चेंडू झेलले. शेवटचे दहा यार्ड उरले तेव्हा चाल सुरू होण्याआधी तो ओळीमागून आडवा सरकला. बचावपटूंच्या नजरा त्याच्यामागे गेल्या, कारण चेंडू त्याच्याकडेच जाणार असे सर्वांना वाटत होते. मोन्टानाने तो जॉन टेलरकडे फेकला. ३४ सेकंद बाकी असताना टेलरने तो झेलला, आणि सामना २०-१६ असा जिंकला गेला.

ते दृश्य मी दादालाही दाखवले, गेल्या दिवाळीत, माझ्या फोनवर. बोटे वाकलेली असल्याने त्याला पडदा थांबवणे जमत नव्हते, म्हणून मीच थांबवत होतो. टेलरचा झेल त्याने एकदाच पाहिला. मग म्हणाला, "तो आडवा गेलेला कोण? तो पुन्हा दाखव."